अहिल्येचं वळण

१

माझं अक्षर दिल्लीत कुठेकुठे लागलंय हे मी सांगायला लागले की घरातले दोघंही उठून दुसऱ्या खोलीत जातात. तुम्ही बसा. साकेतमधल्या एका नाट्यगृहाची पाटी, तीन हिंदी कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, गुरुग्रामच्या कितीतरी लग्नपत्रिका, एका अत्तरवाल्याच्या डब्या, आणि दर जानेवारीत पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जाणाऱ्या आमच्या मंडळाच्या बसवरचा फलक. हे सगळं अक्षर म्हणजे ‘अहिल्या’, मी केलेला फॉन्ट. तीन वर्षं लागली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, आणि मी, कुमुद पिंपळखरे, त्याबद्दल कणभरही विनय बाळगत नाही.

अहिल्या मथळ्यांसाठी आहे. तिच्यात आख्खी बातमी छापाल तर चौथ्या ओळीला वाचणाऱ्याला घेरी येईल. पण दोनच शब्द घ्या, हातभर मोठे करा, मग बघा तिचा तोरा. उभी रेघ भरदार, आडवी केसासारखी बारीक, शिरोरेषा डाव्या टोकाला जराशी उचललेली. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीला पाय शोभत नाहीत, असं इथले डिझायनर मला ऐकवायचे. मी प्रत्येक उभ्या रेघेला पाय दिला, बोरूच्या तिरक्या कापाचा. आता तीच मंडळी तिची नक्कल करतात आणि समोर भेटली की नजर चुकवतात.

माझा दिवस ठरलेला असतो. लक्ष्मीबाई नगरात आमचं सरकारी क्वार्टर आहे. नवरा, विक्रांत, साडेआठला ऑफिसला जातो, मुलगी निधी त्याच्या मागोमाग कॉलेजला. मग मागची खोली माझी. शब्द मोठ्या कागदावर छापायचे, दोरीला चिमट्यांनी टांगायचे, दारात उभं राहून बघायचे. मग तेच कागद उलटे टांगायचे. उलटं टांगलं की शब्द वाचता येत नाही, नुसता आकार दिसतो, आणि चूक लपत नाही.

डिसेंबरातल्या अशाच एका सकाळी नीरजचा फोटो आला. नीरजचं फरीदाबादला वर्कशॉप आहे, तो पाट्यांसाठी स्टीलची आणि पितळेची अक्षरं कापतो. फोटोत एका मिठाईवाल्याची नवी पाटी होती. मी ती मोठी करून बघायला लागले, स्वतःचं कौतुक करून घ्यायला, दुसरं काही नाही. ‘म’च्या पायाला खालून हलकासा खोलगा होता. उभ्या माणसानं टाच किंचित उचलावी, तेवढाच. तो मी काढलेला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं फरीदाबाद गाठलं. मला राग आला की फोनवर समाधान होत नाही, माणूस समोर लागतो.

“मेरे म को किसने हाथ लगाया?” मी दारातूनच विचारलं.

नीरजनं मशीन बंद केलं. “मॅडम, आपकी फाइल, वही काटी है. हम लोग काटते हैं, बनाते थोड़े ही हैं.”

त्यानं कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडून दाखवली. पाठवलेली तारीख माझी, नाव माझं, आणि ‘म’च्या पायाला खोलगा. मग टेबलावरचा एक उरलेला ‘म’ उचलून माझ्या हातात दिला. स्टीलचा, गार, चांगला दोन वीत उंच.

“पर सच बोलूँ? पहले वाला खड़ा रहता था,” नीरज म्हणाला. “ये वाला चलने को है.”

मला ते फोटोतच दिसलं होतं. माझा पाय दगडासारखा जमिनीत रुतलेला होता आणि ह्या खोलग्यानं सबंध अक्षराचं वजन पुढे गेलं होतं. तीन वर्षं मी ह्याच्यासाठीच डोकं फोडलं होतं. कुणी चूक केली असती तर मी त्याला सोलून काढलं असतं. चूक सुधारणाऱ्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावलं. वय अठ्ठेचाळीस. निधीच्या बारावीच्या धामधुमीत मी हजार गोष्टी केल्या आणि विसरले, त्यातच कधीतरी हे केलं असेन. विक्रांतनंही संध्याकाळी तेच म्हटलं.

“अगं, तूच केलं असशील. आमच्या ऑफिसात लोक फायलीतल्या स्वतःच्याच नोटवर ‘असहमत’ लिहून मोकळे होतात.”

मी हसले. पण कपाटातून अहिल्येची मूळ शाईची चित्रं काढून बघितली. कागदावर ‘म’चा पाय सपाट होता.

३

मी फाइलमधला ‘म’ पुन्हा सपाट केला. सकाळी खोलगा परत आला होता. तो पुसला, पासवर्ड बदलला, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून ठेवली. सकाळी खोलगा होताच, आणि ‘त’ची गोलाईसुद्धा बदललेली होती.

त्यानंतर रोज एखाददुसरं अक्षर बदलायला लागलं. ‘क’चं पोट आधी थोडं दबकून असायचं, ते सुटं झालं. ‘ह’चं शेवटचं वळण मी कात्रीनं कापल्यासारखं संपवलं होतं, ते आता हळूहळू बारीक होत हवेत संपायला लागलं. मी रोज दारात उभी राहून शिव्या द्यायला तोंड उघडायची आणि ते तसंच उघडं राहायचं. एकदाही, एकदासुद्धा, बदललेलं अक्षर आधीच्यापेक्षा वाईट नव्हतं.

मग दुपारचा आवाज सुरू झाला. स्वयंपाकघरात चहा टाकला की मागच्या खोलीतून बोरू कागदावर ओढल्याचा आवाज यायचा. कर्र, मग थोडं थांबणं, मग कर्र. बोरूचा आवाज मी झोपेतही ओळखेन. गॅस बंद करून जायची तर खोलीत कुणी नसायचं. खिडकीला जाळी आहे, बाहेर चौथा मजला. एकदा मात्र बोरूचं टोक ओलं होतं, आणि मी आठवडाभर दौत उघडलेली नव्हती.

“निधी, माझ्या बोरूला हात लावलास?”

“आई यार, मला तो पकडता पण येत नाही.” तिनं मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. “तू ना, थोडा ब्रेक घे, सीरियसली.”

भीती वाटत होती, ते लपवत नाही. पण भीतीबरोबर आणखी एक गोष्ट मी करत होते आणि तिची मला जास्त लाज वाटते. बदललेल्या फाइली मी गिऱ्हाइकांना पाठवत होते. खाली नाव माझं. जानेवारीच्या सुरुवातीला एका कलासंस्थेचं पत्र आलं की वर्षातलं सर्वोत्तम मथळा-अक्षर म्हणून अहिल्येचा सन्मान आहे, फेब्रुवारीत समारंभ, आणि मी मंचावर सर्वांसमोर हातानं लिहून दाखवावं. पत्रात दोन ओळी खास अहिल्येच्या पायांबद्दल होत्या. ‘चालण्याच्या बेतात असलेली अक्षरं’, असं लिहिलं होतं.

मी ते पत्र विक्रांतला वाचून दाखवलं. त्यानं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

४

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला नथ हवी होती, म्हणून मी बँकेत लॉकर उघडायला गेले. रजिस्टरमध्ये सही केली. मी सही पूर्ण करते, मराठीत, नाव आणि आडनाव. खिडकीतल्या बाईंनी जुनं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, एक बार फिर से कीजिए.”

मी पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. बाई भल्या होत्या, त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं.

“देखिए, ये आपका हाथ नहीं लग रहा. सब अलग है. बस ये एक मिल रहा है.” त्यांनी बोट ठेवलं. “ये कौन सा अक्षर है? हमारे यहाँ तो होता नहीं.”

“ळ,” मी म्हटलं.

त्यांनी तो म्हणून बघितला, जमला नाही, आणि त्या हसल्या. आधारकार्डावरचा फोटो बघून त्यांनी लॉकर उघडू दिला. नथ पर्समध्ये टाकून मी बाहेर पायरीवर बसले आणि एका पावतीच्या मागे सही करून बघितली. ‘कु’चा उकार हवेत संपत होता. ‘म’ची टाच उचललेली होती. अक्षरं रोज बघून हाताला सवय लागते, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही असतं ते. पण सवय लागते तेव्हा हात अधेमधे चुकतो, जुनं वळण मधूनच डोकावतं. माझा हात एकदाही चुकला नाही.

घरी येऊन अहिल्येची सगळी अक्षरं एका कागदावर छापली आणि मूळ चित्रांशेजारी टांगली. एकूण एक बदललेली होती. फक्त ‘ळ’ राहिला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथल्या लोकांना ‘ळ’ लागत नाही. दिल्लीतले फॉन्टवाले तो सगळ्यात शेवटी उरकतात, पिशवीच्या तोंडाला गाठ मारावी तसा. मी त्याच्यावर सतरा दिवस घालवले होते. जे कोणी माझ्या खोलीत बसत होतं त्याला बाकी सगळं माझ्याहून चांगलं येत होतं, आणि ‘ळ’ येत नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाले, “काय राव? अडलं ना घोडं?”

खोलीत काही हललं नाही. दोरीवरचे कागदसुद्धा हलले नाहीत, आणि छापलेली शाई वाळावी म्हणून वर पंखा चालू होता.

५

दुसऱ्या दिवशी टेबलाखालच्या टोपलीत चुरगळलेले कागद सापडले. मी ते एकेक करून जमिनीवर पसरले. सगळ्यांवर ‘ळ’ होता. म्हणजे व्हायला हवा होता. कुठे दोन गोलाया एकमेकींपासून सुटून पडलेल्या, कुठे एकच गोलाई आणि तिच्याखाली शेपूट, कुठे दांडा आधी काढून मग काय करायचं ते न सुचल्यासारखा शाईचा मोठा डाग. बोरू इतका दाबलेला की कागद फाटला होता. एकोणतीस कागद. शेवटच्याची शाई माझ्या बोटाला लागली.

मी तेव्हा घर सोडून शेजारी जायला हवं होतं. निदान विक्रांतला फोन करायचा. फोन हातात घेतलाही होता. पण सांगणार काय? आणि खरं सांगू, माझी नजर त्या कागदांवरून हटत नव्हती. मूर्ख चुका होत्या त्या, पहिलीतल्या मुलाच्या. इतका देखणा ‘ह’ काढणाऱ्या हाताला दोन गोलाया जुळवता येऊ नयेत, ह्याचं मला वाईट वाटायला लागलं. आणि दोरीवर टांगलेल्या त्या सगळ्या देखण्या अक्षरांत माझा एकटा ‘ळ’ अवघडून उभा होता. अहिल्या माझी आहे. ती अर्धी माझी आणि अर्धी दुसऱ्या कुणाची, अशी जगात गेलेली मला चालणार नव्हती. निदान तो ‘ळ’ तरी माझ्याकडून शिकलेला असावा, मग पुढे काय व्हायचं ते होवो.

एवढा गर्व मी आयुष्यात कधी केला नव्हता. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी नवा कागद पसरला, बोरू बुडवला आणि कागदावर टेकवला.

“नीट बघ,” मी म्हणाले. “एकदाच दाखवणार.”

पण लहान मुलाला अक्षर नुसतं दाखवून येत नाही. त्याचा हात आपल्या हातात धरून गिरवून घ्यावं लागतं. मला शाळेत बाईंनी तसंच शिकवलं, निधीला मी तसंच शिकवलं. हा विचार मनात आला असेल नसेल, तोच माझ्या बोटांखाली बोरू राहिला नाही. बोरू धरलेला हात होता.

मी बघितलं. फार वेळ नाही, एक श्वास घेतला असेन. माझ्या तळव्याखाली दुसरी बोटं होती. माझ्यापेक्षा लांब, कोरडी, सांध्यांवर कातडी सैल पडलेली. नखांच्या कडांत शाई इतकी मुरली होती की नखं मुळातच काळी असावीत. मनगटाच्या पुढे ऊन होतं, फक्त ऊन. आणि तो हात थरथरत होता, पहिल्या दिवशी पाटीवर थरथरतो तसा.

मी डोळे मिटले आणि हात सोडला नाही. वरून छोटा दांडा खाली आणला. डावी गोलाई. मध्यावर परत. तिथे तो अडला, जोर लावून भलतीकडे निघाला, आणि मी शाळेतल्या बाईंच्या सक्तीनं त्याला वळवलं. उजवी गोलाई. दोन वेळा, तीन वेळा. चौथ्यांदा तो माझ्याशिवाय वळला. ते मला हाताला कळलं. शिकवणाऱ्याला ते कळतंच.

डोळे उघडले तेव्हा टेबलावर बोरू पडलेला होता आणि कागदावर चार ‘ळ’ होते. पहिला माझा होता. चौथ्याकडे बघून मला रडू आलं. भीतीनं की कशानं, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

६

समारंभाला सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत विक्रांत नव्या जाकिटात, शेजारी निधी मोबाइल वर धरून. मी नाकात नथ घातली होती. टेबलाच्या वर कॅमेरा लावला होता आणि माझा हात मागच्या पडद्यावर दहा फूट मोठा दिसत होता. त्या दिवसापासून खोलीत आवाज नव्हता, फाइलींत बदल नव्हता. अहिल्या पूर्ण झाली होती. मला सगळं संपलं असंच वाटत होतं.

मी आधी ‘अहिल्या’ लिहिलं. लोकांनी श्वास रोखले, ते मला ऐकू आलं. छाती इतकी भरून आली की सूत्रसंचालकानं सही करायला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि थांबलेच नाही. ‘कुमुद’ झालं. आडनावाचा ‘पिं’ झाला, ‘प’ झाला. बोरू पुढच्या अक्षराच्या जागेवर टेकला आणि हात उभा राहिला.

विसरले असं नव्हे. विसरलेलं आठवता येतं. माझ्या हातात ते अक्षर नव्हतंच. मी दांडा काढला आणि पुढे कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं. शाईचा थेंब फुगायला लागला. सभागृहात कुणीतरी खोकलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, स्वतःचं आडनाव लिहिता येत नाही, आणि तेही पडद्यावर दहा फूट मोठं. लाजेनं माझे कान तापले.

मग वरून एक कोरडा तळवा येऊन माझ्या हातावर बसला. घट्ट, पण दुखेल असा नाही. त्यानं मला डावीकडे नेलं, मध्यावर आणलं, उजवीकडे वळवलं. मी नुसती गेले. असा ‘ळ’ मी जन्मात काढला नव्हता. असा कुणीच काढला नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. विक्रांत डोळे पुसत होता. निधीनं मात्र मोबाइल खाली केला होता. ती पडद्याकडे बघत होती, मग माझ्या हाताकडे, मग परत पडद्याकडे, आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. मी मान ताठ ठेवली आणि तिच्याकडे बघून हसले. उठून नमस्कार करायचा होता, पण त्याला दोन्ही हात लागतात, आणि माझा उजवा हात त्यानं अजून सोडलेला नव्हता.